उरक

आमच्या कोगनोळीत सुनेचं कौतुक एका शब्दात उरकतं : "उरक हाय बगा तिला." मुलगा मात्र 'कर्तबगार' निघतो. दिवसभर तंबाखूच्या रानात दोघंही राबलेली असतात. उरक म्हणजे हातातलं काम झटक्यात संपवणं. कुठलं काम हाती घ्यायचं, हे ठरवणं त्यात येत नाही.

'पुरुषार्थ' तर नावातच पुरुषाचा. अमृतचंद्राचार्यांच्या 'पुरुषार्थसिद्ध्युपाया'त पुरुष म्हणजे चैतन्यरूप आत्मा, हे खरं. पण घरात तो अर्थ धरतं कोण?

'वीर्य' हा शब्द तर आपण बायका मोठ्यानं उच्चारतही नाही. शास्त्रात वीर्य म्हणजे जीवाचं सामर्थ्य. ते बाईच्या जीवालाही आहे, आणि त्याच्या आड येणाऱ्या कर्माला वीर्यांतराय म्हणतात.

सोळाकारण भावनांतली एक 'शक्तितस्तप'. शक्ती लपवायची नाही, आणि तप करायचं ते शक्तीप्रमाणं. भादव्यात मात्र ऐकू येतं, "तिनं धा केले, तुला एक जमंना व्हय?" म्हणजे 'शक्तितः' गिळलं, तप तेवढं उरलं. माझ्या भाचीला गेल्या वर्षी चौथ्या उपवासाला चक्कर आली. अंगात रक्त कमी, हे घरात सगळ्यांना ठाऊक. सासूबाई म्हणाल्या, "कुवत नव्हती तर धरलास कशाला?"

"अक्का, धरायला लावलं कुणी?" मी विचारलं. त्या आत निघून गेल्या.

यंदा भाचीनं एकाशन धरलंय. पाठशाळेत शक्तितस्तपाचा अर्थ तीच वाचून दाखवणार आहे.