यजमानाची वेळ, अतिथीचे घड्याळ : लिनक्स कर्नेलमधील केव्हीएम-पीटीपी ड्रायव्हरचे समीक्षण

प्रस्तावना

भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून अमलात आली. तरीही तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे असलेली स्थानिक वेळ वापरण्याचा प्रघात मुंबई शहरात १९५५ पर्यंत टिकून होता. एकाच शहरात दोन वेळा चालू असल्या की कोणती वेळ कोणत्या कामासाठी ग्राह्य धरावी, हा प्रश्न उभा राहतो. संगणकात हा प्रश्न आजही आहे आणि त्याचे परिणाम सामान्य नागरिकापर्यंत पोहोचतात. वर्धा जिल्ह्यातील रोहणा येथील एखाद्या शेतकऱ्याने मुदतीच्या अखेरच्या दिवशी ऑनलाईन अर्ज भरला, तर तो वेळेत आला की नाही हे त्याच्या मनगटावरील घड्याळ ठरवीत नाही. दूरच्या माहितीकेंद्रातील सर्व्हरने केलेली नोंद हे ठरविते. असा सर्व्हर पुष्कळदा प्रत्यक्ष यंत्र नसून एका मोठ्या यंत्रात चालणारे आभासी यंत्र, म्हणजे व्हर्च्युअल मशीन असते. या यंत्राला वेळ पुरविणाऱ्या एका ड्रायव्हरचे गुणदोष तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी

संगणकांची घड्याळे जाळ्यावरून जुळविण्यासाठी एनटीपी ही पद्धत १९८५ पासून लिखित स्वरूपात उपलब्ध आहे. निरोप जाण्यास व येण्यास सारखाच वेळ लागतो, असे ती गृहीत धरते. हे गृहीतक जितके ढळते तितकी चूक वेळेत उतरते. अधिक सूक्ष्म जुळणीसाठी पीटीपी हे मानक २००२ मध्ये आले व २००८ आणि २०१९ मध्ये सुधारले गेले. त्यात वेळेचा शिक्का शक्यतो जाळ्याच्या कार्डावरच, म्हणजे हार्डवेअरमध्ये मारला जातो. अशा हार्डवेअर घड्याळांसाठी लिनक्स कर्नेलमध्ये रिचर्ड कॉक्रन यांनी एक समान चौकट तयार केली. ती २०११ मधील ३.० या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. घड्याळ वाचणे, ते लावणे, पुढे-मागे सरकविणे आणि त्याची गती बदलणे या क्रिया प्रत्येक ड्रायव्हरने या चौकटीत मांडावयाच्या असतात.

केव्हीएम-पीटीपी हा ड्रायव्हर मार्सेलो तोसात्ती यांनी लिहिला व तो २०१७ मधील ४.११ या आवृत्तीत समाविष्ट झाला. त्याच्यामागे कोणतेही कार्ड नाही. आभासी यंत्र, म्हणजे अतिथी, आपल्या यजमान यंत्राला थेट विनंती करते आणि यजमान स्वतःच्या घड्याळातील वेळ कळवितो.

ड्रायव्हरचे गुण

पहिला गुण म्हणजे दुहेरी नोंद. यजमान केवळ वेळ सांगत नाही. ती वेळ घेतली त्याच क्षणी प्रोसेसरमधील चक्रगणक किती आकड्यावर होता, हेही तो कळवितो. हाच गणक अतिथीलाही वाचता येतो. त्यामुळे उत्तर पोहोचण्यास विलंब झाला तरी ही जोडी अचूकच राहते आणि जाळ्यावरील प्रवासाचा अंदाज बांधण्याची गरज उरत नाही.

दुसरा गुण म्हणजे संयम. चौकटीने देऊ केलेल्या क्रियांपैकी वाचन तेवढे हा ड्रायव्हर स्वीकारतो. वेळ लावणे, सरकविणे किंवा गती बदलणे यांना तो सरळ नकार देतो. एका यजमानावर अनेक अतिथी नांदतात. त्यांपैकी कोणालाही यजमानाच्या घड्याळाला हात लावू न देणे हे योग्यच होय.

तिसरा गुण प्रामाणिकपणाचा आहे. इंटेल-पद्धतीच्या प्रोसेसरांवर यजमानाचे स्वतःचे कालमापन त्याच चक्रगणकावर चालत नसेल, तर ही दुहेरी नोंद शक्य नसते. अशा वेळी ड्रायव्हर आरंभीच चाचणी घेतो आणि नोंदणी न करता माघार घेतो. अर्धवट विश्वासार्ह घड्याळ देण्यापेक्षा घड्याळच न देणे त्याने पसंत केले आहे.

मर्यादा

हाच प्रामाणिकपणा पुढील कामकाजात मात्र अपुरा पडतो. अतिथीला मिळतो तो एक आकडा. त्यात चूक किती असू शकेल, याची मर्यादा सोबत येत नाही. यजमानाचे घड्याळ प्रमाणवेळेशी जुळलेले आहे की कित्येक दिवस मोकाट चालले आहे, हे अतिथीला या मार्गाने कळू शकत नाही. दोन्ही प्रसंगी उत्तर सारख्याच नॅनोसेकंदांच्या थाटात येते. सूक्ष्मता म्हणजे अचूकता नव्हे, हा मापनशास्त्रातील प्राथमिक भेद येथे पुसला जातो.

दुसरी मर्यादा कालमानाची. पीटीपीचे मूळ कालमान आंतरराष्ट्रीय अणुवेळ हे आहे आणि ते १ जानेवारी २०१७ पासून समन्वित जागतिक वेळेच्या ३७ सेकंद पुढे आहे. हा ड्रायव्हर मात्र यजमानाची व्यावहारिक वेळ देतो, जी सामान्यतः समन्वित जागतिक वेळ असते. कोणते कालमान दिले आहे हे उत्तरात नमूद नसल्याने ही जाण व्यवस्थापकाच्या दक्षतेवर सोडली जाते.

तिसरी मर्यादा सर्वांत गंभीर आहे. चालू असलेले आभासी यंत्र एका यजमानावरून दुसऱ्यावर हलविले जाते, तेव्हा अतिथीने जुन्या यजमानाच्या आधारे बसविलेला गतीचा हिशेब निरुपयोगी ठरू शकतो. ड्रायव्हर पुढच्या वाचनात नव्या यजमानाची वेळ देईल; परंतु स्थलांतर घडल्याची सूचना देण्याची सोय त्याच्यात नाही. दोन वाचनांच्या मधल्या काळातील नोंदी चुकीच्या वेळेने होऊ शकतात आणि त्या संशयास्पद आहेत असे दर्शविणारी कोणतीही खूण मागे राहत नाही.

ही उणीव केवळ तात्त्विक नाही. सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांन्वये संगणक प्रणालींची घड्याळे राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळविण्यास सांगितले. सायबर गुन्ह्याच्या तपासात कोणती घटना आधी व कोणती नंतर, हे नोंदींच्या क्रमावरून ठरते. घड्याळ जुळलेले असणे आणि ते त्या क्षणी जुळलेले होते हे दाखविता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

निष्कर्ष

लिनक्सच्या ६.१३ या आवृत्तीत, जानेवारी २०२५ मध्ये, व्हीएमक्लॉक हा नवा ड्रायव्हर आला. त्याच्या रचनेत चुकीची कमाल मर्यादा, कालमानाचा प्रकार आणि खंड पडल्याची खूण यांसाठी जागा राखलेली आहे. वरील उणिवा वास्तविक होत्या, याची ही एक प्रकारे पावतीच होय. केव्हीएम-पीटीपीचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. त्याने विलंबाचा प्रश्न नेटकेपणाने सोडविला. विश्वासाचा प्रश्न मात्र पुढच्यांसाठी ठेवला. वेळ पुरविणाऱ्या कोणत्याही ड्रायव्हरची तपासणी करताना तो किती बारीक वेळ देतो, यापूर्वी त्या वेळेवर कितपत विसंबावे हे तो सांगतो का, असे विचारले गेले पाहिजे. रोहण्याहून शेवटच्या मिनिटाला पाठविलेल्या अर्जाला न्याय मिळणे या उत्तरावरही अवलंबून आहे.