गोमुखाचे शिल्प

देवालयाच्या भिंतीवरील मूर्तीस आपण शिल्प म्हणतो. पाण्याच्या मुखास तो मान सहसा देत नाही. मानपाड्याच्या रहिवाशास अंबरनाथचे शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधील शिवालय जवळचे. तेथील मूर्तींची दाटी पाहून घडलेली दृष्टी घेऊन कोणी जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात गेला, तर तेथील दगडी गोमुख त्यास अगदीच साधे वाटण्याचा संभव आहे. परंतु ही कसोटीच येथे गैरलागू होय.

मूर्ती पाहण्यासाठी घडवितात; गोमुख पाणी देण्यासाठी. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री व सावित्री या पाच नद्यांचे म्हणून पूजिले जाणारे पाणी येथे एकाच मुखातून कुंडात पडते. पुढे कृष्णा पूर्वेस बंगालच्या उपसागरास मिळते, तर सावित्री पश्चिमेस बाणकोटपाशी अरबी समुद्रास. भूगोलाने ज्यांची ताटातूट केली, त्यांस कारागिराने क्षणभर एकत्र आणिले. ही कल्पना ठसावी म्हणून त्याने अलंकार आवरला, हीच त्याची रसिकता.

इंग्लंडातील जुन्या देवळांच्या छपरांवरही पाणी ओकणारी दगडी तोंडे आहेत. त्यांचे काम पावसाचे पाणी भिंतीपासून दूर फेकणे. म्हणून ती पुष्कळदा विक्राळ श्वापदांची. आपल्या गोमुखाखाली यात्रेकरू ओंजळ धरतो. तेथे विक्राळ मुद्रा कशी शोभावी? कार्यानुसार रूप बदलते ते असे.

मात्र या शिल्पाचा अर्धा भाग पाण्याचा आहे आणि तो कोणा पाथरवटास पुन्हा घडविता येणार नाही. महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. माथ्यावरचा सच्छिद्र जांभा दगड तो पिऊन घेतो, आणि खालच्या चिकण थरावर अडलेले पाणी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. २००१ साली हा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला, तो उगाच नव्हे. माथ्यावरील झाडी तुटली व जांभ्यावर फरशी-काँक्रीट पसरले, तर पाणी मुरावयाचे कोठे? गोमुखाचा जीर्णोद्धार करू इच्छिणाऱ्यांनी म्हणून आधी डोंगराचा माथा सांभाळावा. मुखाच्या दगडाची डागडुजी मागाहूनही होईल.