‘ये रे ये रे पावसा’ : खोट्या पैशाचा अर्थ

‘ये रे ये रे पावसा’ हे मौखिक परंपरेतून आलेले बालगीत असून त्याचा कर्ता अज्ञात आहे. सोप्या शब्दकळेमागील त्याचा आशय मात्र विचार करण्याजोगा आहे. मूल पावसाला पैसा देऊ करते. तो खोटा निघतो, तरीही पाऊस भरभरून येतो. १९५७ मध्ये दशमान नाणेपद्धती येईपर्यंत रुपयाचे ६४ पैसे होत. म्हणजे देऊ केलेले मोल मुळातच क्षुल्लक, त्यातही ते खोटे. या गीतात फसवणुकीचा बोध शोधणे म्हणूनच अप्रस्तुत ठरते. पाऊस विकत मिळत नाही, हेच त्याचे सूत्र होय.

वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या दापोलीत ही विनवणी कशासाठी, असा प्रश्न उद्भवू शकतो. परंतु येथील जांभ्याची जमीन पाणी धरून ठेवत नाही. मे महिन्यात विहिरी तळ गाठतात. प्रस्तुत लेखकाने बालपणी रिकाम्या कळशीपाशी हे गीत म्हटले, तेव्हा ते खेळगाणे नव्हते, मागणे होते. आज खासगी टँकरच्या पाण्यासाठी खरे पैसे मोजावे लागत असताना, खोटा पैसा चालवून घेणाऱ्या पावसाचे औदार्य अधिकच जाणवते.