'काय करावे?' : घरगुती प्रश्नोत्तरांच्या मराठी गद्यातील हरवलेला कर्ता

तांब्याच्या भांड्यावर डाग पडले, डाळीला कीड लागली, साखरेच्या डब्याभोवती मुंग्यांची रांग लागली, लोणच्यावर बुरशी आली. अशा वेळी मराठी घरात विचारला जाणारा प्रश्न दोनच शब्दांचा असतो : 'काय करावे?' या प्रश्नाला उत्तर देणारे लेखन मराठीत गेली सुमारे दीडशे वर्षे विपुल प्रमाणात होत आले आहे. पाकपुस्तके, मासिकांतील पानपूरके, 'उपयुक्त सूचना' या मथळ्याखालील चौकटी, दिनदर्शिकेच्या मागील बाजूचा मजकूर अशी त्याची नाना रूपे आहेत. आपल्या वाङ्मयसमीक्षेने त्याकडे क्वचितच लक्ष दिले. जे लेखन उपयोगाचे आहे त्याला शैली नसते, असे आपण न बोलता गृहीत धरलेले दिसते. वस्तुतः या गद्याला अतिशय ठाम शैली आहे. ती एका क्रियापदरूपावर उभी आहे, आणि त्या रूपाने घरकाम करणाऱ्या व्यक्तीला वाक्यातून बाहेर ठेवले आहे. प्रस्तुत लेखाचा हाच मुद्दा आहे.

या प्रश्नाचा विचार कर्वेनगरातून करण्यास कारण आहे. आज सोसायट्या, वसतिगृहे आणि खाणावळी यांनी गजबजलेला हा परिसर पूर्वी हिंगणे बुद्रुक या खेड्याचा भाग होता. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली स्थापन केलेला अनाथ बालिकाश्रम १९०० साली येथील एका झोपडीत आला. १९१६ साली महिला विद्यापीठाचा आरंभही हिंगण्यालाच झाला. मातृभाषा हे शिक्षणाचे माध्यम आणि गृहव्यवस्था व आरोग्य यांचा अभ्यासक्रमात समावेश, ही त्या विद्यापीठाची वैशिष्ट्ये. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका कर्व्यांच्या वाचनात आली होती, तिचा हा प्रभाव. स्त्रियांना पुरुषांचाच अभ्यासक्रम द्यावा की वेगळा, हा वाद त्यावरून झाला आणि तो निरर्थक नव्हता. परंतु त्या वादात एक गोष्ट झाकली गेली. घरातील प्रश्नांची उत्तरे वर्गात शिकविता येतात असे म्हणणे म्हणजे त्या उत्तरांवरील सासूची, जावेची, आत्याबाईंची मालकी नाकारणे होय. जिला सासरच्या स्वयंपाकघरात प्रश्न विचारण्याचीही सोय नव्हती, अशा बालविधवेच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हती.

आता त्या क्रियापदरूपाकडे वळू. 'चिंच भिजत घालावी', 'भांडी घासावीत', 'पाणी उकळावे'. व्याकरणात याला विध्यर्थ म्हणतात. सकर्मक क्रियापद या रूपात कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. चिंच 'घालावी', भांडी 'घासावीत', पाणी 'उकळावे'. कर्ता आणायचाच तर तृतीयेत आणावा लागतो, 'सुनेने भांडी घासावीत', आणि तसे लिहिताच वाक्याचा सारा सोज्ज्वळपणा नाहीसा होतो. म्हणून कोणी तसे लिहीत नाही. विशेष असे की प्रश्नही याच रूपात येतो. 'काय करावे?' असे विचारणारीही वाक्यात नाही आणि 'करावे' असे सांगणाराही नाही. आज्ञार्थात निदान समोर कोणीतरी असते; 'घास' म्हटले की घासणारी दिसते, चिडूही शकते. विध्यर्थात काम आपोआप होते. धर्मशास्त्राच्या आणि व्रतवैकल्यांच्या मराठी ग्रंथांत हे रूप पूर्वीपासून स्थिरावलेले आहे. तेथील अधिकारवाणी त्याच्याबरोबर स्वयंपाकघरात आली, असे मानण्यास जागा आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या १८७५ सालच्या पाकपुस्तकाचे नावही 'सूपशास्त्र' असे आहे. पदार्थाला शास्त्र म्हटले की सांगणाऱ्याने स्वतः चुलीपुढे बसण्याची अट उरत नाही.

लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या १९१० सालच्या पुस्तकाचे 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' हे नाव या पार्श्वभूमीवर लक्ष वेधून घेते. शास्त्राच्या जागी येथे मित्र आला. घरात माणसे कितीही असली तरी जिला निःसंकोच विचारता येईल असे कोणी नाही, अशा स्त्रीची कल्पना या नावामागे आहे. (हजार हा आकडा मात्र मित्रापेक्षा दुकानदाराला शोभणारा.)

कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने १९७० साली याहून मोठा फरक घडविला. त्या पुस्तकाच्या लोकप्रियतेचे श्रेय सामान्यतः पदार्थांच्या चवीला दिले जाते. माझ्या मते ते मापाला द्यावयास हवे. तोवर मराठी पाककृतीत 'अंदाजे', 'बेताचे', 'चवीपुरते', 'मावेल तितके' अशा शब्दांचे राज्य होते. अंदाज हा अनुभवी माणसाचा असतो. नवखीला 'बेताचे पाणी' म्हणजे किती हे विचारण्यासाठी पुन्हा त्याच वडीलधाऱ्यांकडे जावे लागते. 'रुचिरा'ने वाटी आणि चमचा ही मापे धरली. वाटी घरोघरी वेगळी असते, मग हे माप कसे, अशी शंका घेता येईल. उत्तर सोपे आहे. पाककृतीला बहुतेक वेळा वजन लागत नाही, प्रमाण लागते. एका पदार्थासाठी आरंभापासून शेवटपर्यंत एकच वाटी वापरली की प्रमाण टिकते. शाळेतील गुणोत्तर-प्रमाणाचा इतका व्यापक उपयोग क्वचितच झाला असेल. विध्यर्थ 'रुचिरा'तही आहेच, परंतु मापामुळे वाचणारीच्या हातात काहीतरी आले. पदार्थ फसला तर चूक कोठे झाली हे तिला स्वतःला शोधता येऊ लागले. त्यानंतर आलेली 'कुकरच्या तीन शिट्ट्या' ही मोजणी पाहावी. आच, कुकरचा आकार, आतील पाणी, शिट्टीचे वजन, यांपैकी काहीही बदलले की शिट्टीचा अर्थ बदलतो. तरीही बाहेरगावाहून शिकण्यासाठी येऊन खोली घेऊन राहिलेल्या आणि घरी फोन लावून वरणभात शिकणाऱ्या मुलीला आजही उत्तर शिट्ट्यांतच मिळते. वाटीने जे मिळविले ते शिट्टीने घालविले, असे म्हणावेसे वाटते.

पाककृतीपेक्षा घरगुती उपायांचे गद्य अधिक चिकित्सेस पात्र आहे. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेले 'कालनिर्णय' स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगले गेले आणि पानामागील मजकूर वाचण्याची सवय मराठी घराला लागली. मासिकांतील चौकटी त्याआधीपासून होत्याच. अशा चौकटींतील सूचनांचा नेहमीचा साचा असा : साखरेच्या डब्यात लवंगा टाकाव्यात, तुरीला एरंडेल चोळावे, तांब्याची भांडी चिंच-मिठाने घासावीत. यांतील कित्येक उपाय खरे आहेत. उणीव कारणाची आहे. चिंचेतील आम्लाने तांब्यावरील काळपट थर विरघळतो, एवढे अर्धे वाक्य जोडले की वाचणारी स्वतंत्र होते. चिंच नसली तर लिंबू, कोकम किंवा आंबट ताक चालेल हे तिला कोणी सांगावे लागत नाही. एरंडेलाचा पातळ थर दाण्यावर बसला की किडीची अंडी जगत नाहीत, हे कळले की तेल किती चोळावे हेही कळते. कारणाशिवाय दिलेला उपाय पाठ करावा लागतो, आणि तो लागू पडला नाही तर दोष करणारीच्या हाताला लागतो.

याला सन्मान्य अपवाद आहे. जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कमला सोहोनी यांनी केंब्रिजची डॉक्टरेट १९३९ साली मिळविली. कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या ग्राहकसंस्थेच्या कामात त्या पुढे सक्रिय होत्या, १९८२-८३ साली तिच्या अध्यक्ष होत्या आणि संस्थेच्या 'कीमत' या नियतकालिकात ग्राहकसुरक्षेवर लिहीत होत्या. या मालात भेसळ आहे का, असे विचारणाऱ्या गृहिणीला विश्वास ठेवायला न सांगता तपासायला सांगणारी ही परंपरा आहे. तिचा विस्तार मराठीत व्हावा तेवढा झाला नाही, याची खंत वाटते. त्यांच्या भगिनी दुर्गा भागवत यांनी 'खमंग'मध्ये खाद्यपदार्थांवर लिहून वेगळ्या वाटेने कर्ता परत आणला. तेथे पदार्थ कोणा माणसाशी जोडलेला असतो.

घरगुती प्रश्न म्हणजे नेमके कोणते, हेही कोणीतरी ठरविलेले असते. कर्व्यांचे ज्येष्ठ पुत्र रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ पासून नोव्हेंबर १९५३ पर्यंत मुंबईहून 'समाजस्वास्थ्य' चालविले. वाचकांची प्रश्नोत्तरे हा त्यातील महत्त्वाचा भाग होता. शय्यागृह हाही घराचाच भाग. परंतु माजघरातील मुंग्यांविषयीचे उत्तर 'उपयुक्त सूचना' ठरते आणि शरीराविषयीचे उत्तर अश्लील ठरते. या प्रश्नोत्तरांवरून झालेल्या खटल्यात १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी र. धों. कर्व्यांची बाजू मांडली, तरी शिक्षा टळली नाही. उत्तर देण्याची त्यांची रीत सरळ होती : प्रश्न गंभीरपणे घ्यावयाचा, कारण द्यावयाचे, उपदेश करावयाचा नाही. पित्याच्या संस्थेत गृहव्यवस्था शिकविली जात होती त्याच काळात पुत्र त्या व्यवस्थेने वगळलेले प्रश्न छापत होता. या दोन कामांचा एकत्र विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही.

कर्ता वाक्यातून गेला की आणखी एक व्यक्ती अदृश्य होते. 'भांडी चिंच-मिठाने घासावीत' हे वाचते गृहिणी. पुण्याच्या मध्यमवर्गीय घरात ती घासते बहुधा मोलकरीण. कोणत्या डागाला काय लागते याचे ज्ञान तिच्याजवळ सर्वांत अधिक, कारण ती दिवसाला चार-पाच घरांची भांडी हाताळते. तथापि उपायांच्या चौकटीत तिला ना लेखिका म्हणून जागा आहे ना वाचक म्हणून. तिने आपले कर्तेपण दुसऱ्या मार्गाने नोंदविले. पुण्यातील मोलकरणींनी १९८० साली पगारवाढ आणि हक्काची रजा यांसाठी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम २००८ सालचा. 'घरेलू कामगार' हा शब्द मराठीला काहीसा परका वाटतो खरा, पण त्यात काम करणारे माणूस आहे, आणि ते मराठी उपायगद्यात सापडत नाही. या संदर्भात हिंगण्याच्या पार्वतीबाई आठवले यांच्या 'माझी कहाणी' (१९२८) या आत्मचरित्राची आठवण होते. संस्थेसाठी अमेरिकेला गेलेल्या पार्वतीबाई तेथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. ज्या कामाचे वर्णन पाकपुस्तक 'करावे' असे करते, त्याच कामाचे वर्णन येथे प्रथमपुरुषात आहे.

अलीकडच्या दृक्श्राव्य पाककृतींत विध्यर्थ मागे पडून 'आपण' आला आहे : 'आता आपण यात हळद घालणार आहोत', 'आपण हे परतून घेऊया'. सांगणारी बहुधा स्त्री, आवाज आपुलकीचा, हात पडद्यावर दिसणारे. कर्ता परतला, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु हा 'आपण' अनेकवचनी आहे आणि ओट्यापाशी उभी असते एकटीच. तरी 'घालावी'पेक्षा 'घालूया' बरे, असेच माझे मत आहे.

छापील गद्यात जे राहिले नाही ते हस्तलिखित वह्यांत राहिले आहे. जुन्या घरांत अजून सापडणाऱ्या, तेलाच्या डागांनी पारदर्शक झालेल्या पानांच्या या वह्या पाहाव्यात. मजकुरात 'घालणे', 'परतणे', 'झाकणे' अशी आखूड रूपे, कर्ता तेथेही नाही. पण मथळ्यात तो असतो. 'वन्संचे मेतकूट', 'शेजारच्या काकूंचे लिंबाचे लोणचे', 'कोल्हापूरच्या मावशीचा मसाला'. उत्तर कोणाकडून आले, कोणत्या गावाहून आले, हे आधी लिहून मग प्रमाण लिहिलेले. आणि समासात, वेगळ्या शाईने, कधी वेगळ्या अक्षरातही, करून पाहिल्यानंतरची नोंद : 'मीठ जास्त होते. पुढच्या खेपेस अर्धी वाटी कमी.'