‘द कॉमेडियन्स’ : मत्सराचे राजकारण

ग्रॅहम ग्रीन यांची ‘द कॉमेडियन्स’ ही कादंबरी १९६६ साली प्रसिद्ध झाली. तिची भूमी हैती. काळ फ्रान्स्वा दुव्हालिए यांच्या राजवटीचा (१९५७–७१). दुव्हालिए शासनाने १९६८ साली ग्रीन यांच्याविरुद्ध स्वतंत्र पुस्तिका काढली. घाव वर्मी बसला होता हे उघड आहे. यामुळे कादंबरीतील राजकीय चित्रण तेवढे मोलाचे, आणि हॉटेलमालक ब्राऊन व राजदूतपत्नी मार्था यांचा प्रणय ही केवळ रंजनाची भर, असे प्रथमदर्शनी वाटण्याचा संभव आहे.

वस्तुतः कथेतील निर्णायक राजकीय कृती या प्रणयातूनच जन्म घेते. दूतावासात आश्रयास आलेला जोन्स मार्थाला हसवतो, एवढ्यावरून ब्राऊनचा मत्सर पेटतो. ब्रह्मदेशातील युद्धाच्या जोन्सच्या बढाया तो मुद्दाम खऱ्या धरतो व त्याला बंडखोरांचा नायक होण्यास भाग पाडतो. आपण कधी लढलोच नाही, ही जोन्सची कबुली स्मशानात, परतीची वाट बंद झाल्यावर येते. आणि हा तोतया अखेर खरोखरच लढून मरतो! (शीर्षकातील शब्दास ‘विदूषक’ हा पर्याय अपुरा पडतो; ‘सोंगाडे’ अधिक जवळचा.)

हैतीचेच लेखक झाक रूमँ यांच्या ‘गुव्हर्नर द ला रोझे’ (१९४४) या कादंबरीशी तुलना येथे उद्‌बोधक ठरेल. तेथे मान्युएल व अनाईझ यांचे प्रेम वैरात दुभंगलेल्या गावाला पाण्यासाठी एकत्र आणते. ब्राऊनचे प्रेम कोणालाच जोडत नाही. त्याचा शेवट सांतो दोमिंगोत, एका अंत्यविधी-व्यावसायिकाच्या भागीदारीत होतो.

हा फरक केवळ दोन प्रतिभांचा नव्हे, दृष्टिस्थानाचाही आहे. ग्रीन यांनी निवेदन ब्राऊनकडे सोपविल्यामुळे हैतीची जनता बव्हंशी पार्श्वभूमीवर राहते. डॉ. माजिओ यांच्यासारखी धीरोदात्त व्यक्तिरेखा हा अपवाद होय. परंतु हॉटेलातील लंगडा नोकर जोसेफ पाहावा. वूडूच्या विधीत ब्राऊन त्याला पाहतो, पण त्याच्या मनात शिरत नाही. जोसेफही बंडखोरांत जातो व मरतो. मात्र त्याला कोणाच्या मत्सराने धाडलेले नसते. तो कोणत्या मनःस्थितीत निघाला, हे जाणून घेण्यास निवेदकाला सवड नाही.