राणीवशाबाहेर थांबलेली कादंबरी

१६७८ साली पॅरिसमध्ये एक लहानशी कादंबरी लेखकाच्या नावाशिवाय छापली गेली. 'ला प्रँसेस द क्लेव्ह' हे तिचं नाव, आणि लिहिली होती मादाम द ला फायेत या दरबारी वर्तुळात वावरलेल्या बाईने. काळ तिने घेतला शंभराहून अधिक वर्षं मागचा, दुसऱ्या हेन्रीच्या दरबाराचा. राजा खरा, राणी खरी, सरदारही बरेचसे खरे. नायिका मात्र कल्पित. ही तरुण विवाहिता आपण दुसऱ्यात गुंतल्याचं खुद्द नवऱ्यापाशी कबूल करते, आणि त्या एका प्रसंगावरून फ्रान्सच्या वाचकांत तट पडले. त्याच सालच्या डिसेंबरात इकडे संभाजीराजे मोगल सरदार दिलेरखानाच्या छावणीत गेले. रायगडावरच्या घरात धुसफूस होतीच. कादंबरीचा ऐवज दोन्हीकडे होता. आतलं बघून लिहिणारी बाई तेवढी तिकडे होती.

आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरी यायला १८७१ उजाडलं. रा. भि. गुंजीकरांच्या 'मोचनगड'मधला किल्लाही कल्पित आणि बहुतेक माणसंही; शिवकाळ मागे उभा. हरिभाऊ आपट्यांनी 'उषःकाल'मध्ये अशीच मोकळीक घेतली. ती आपण पुढे हातची घालवली. १९६२ मध्ये रणजित देसाईंची माधवराव पेशव्यांवरची 'स्वामी' आली, १९६४ मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि चरित्रात्मक कादंबरी हाच राजमार्ग ठरला. 'श्रीमान योगी', 'छावा', 'पानिपत', 'संभाजी'. या पुस्तकांनी लाखो घरांत वाचनाची गोडी लावली, हे मान्यच करायला हवं. पण ही कादंबरी नायकाच्या कागदपत्रांवर उभी राहते. राण्यांची पत्रं, शिक्के, निवाडे त्या मानाने थोडे. मग कागद संपले की कादंबरीकार सद्गुण भरायला घेतो.

'स्वामी'तली रमा, माधवरावांची बायको, याचं सर्वांत देखणं उदाहरण. तिच्या बोलण्यात इतका गोडवा आहे की थेऊरच्या सतीच्या चितेपर्यंत वाचक हळवा होऊन चालत जातो, आणि आपण काय पाहतो आहोत हे त्याला जाणवतही नाही. वाईच्या रास्त्यांची लेक गोपिकाबाई तिथे आहे. पण माहेरच्या माणसांवरून माय-लेकांचं बिनसतं, एवढ्यावरच तिचं राजकारण आटोपतं. सोयराबाई आणि आनंदीबाई यांना तर आपण पिढ्यान् पिढ्या कैकेयीचीच लुगडी नेसवली. ना. सं. इनामदारांचं मात्र वेगळं. 'राऊ'तली मस्तानी थोडी स्वप्नाळू आहे. पण 'शिकस्त'मधली पार्वतीबाई, पानिपतावरून नवऱ्याविना परतलेली, त्याचं मरण न मानणारी, ही मराठी कादंबरीतली खरी दरबारी स्त्री. तिचं सौभाग्य हाच पुण्यात राजकीय प्रश्न होऊन बसतो. माझ्या मते इनामदारांचं हे पुस्तक 'राऊ'पेक्षा सरस आहे. सिनेमा 'राऊ'वर निघाला हा भाग वेगळा.

कोयनानगरकडून पाहिलं तर या सगळ्यातली कसूर फार जवळून दिसते. कोयना पाटणवरून कऱ्हाडला कृष्णेला मिळते. तिथून जवळच, वसंतगडाच्या पायथ्याला तळबीड, हंबीरराव मोहित्यांचं गाव. त्यांची लेक ताराबाई. १७०० मध्ये राजाराम महाराज गेल्यावर तिने औरंगजेबाशी सात वर्षं झुंज दिली, आणि आमच्या कादंबऱ्यांना, पुतळ्यांना एवढीच ताराबाई पुरते. ती जगली १७६१ पर्यंत! मधली वर्षं कोण लिहिणार? जाऊ येसूबाई १६८९ पासून १७१९ पर्यंत मोगलांच्या कैदेत. तिचाच मुलगा शाहू सुटून आला तेव्हा तो तोतया आहे म्हणून ताराबाईने त्याला नाकारलं. १७१४ मध्ये सवतीच्या बाजूने तिची सत्ता उलथवली आणि ती स्वतः कैदेत गेली. मग साताऱ्यात वास्तव्य. शाहू वारला तेव्हा तिने रामराजाला नातू म्हणून पुढे केलं; १७५० मध्ये चंपाषष्ठीच्या निमित्ताने त्याला किल्ल्यावर बोलावून अडकवलं, आणि पुढे हा आपला नातू नव्हेच अशी जेजुरीला शपथ घेतली. वय पंचाहत्तरीच्या पुढे. समोर नानासाहेब पेशवा. यात रणरागिणी नाही, सोशिक माऊलीही नाही. सत्तेची चटक लागलेली, अपमान न विसरलेली, विलक्षण बुद्धीची म्हातारी आहे. सामग्रीची सबब इथे चालत नाही. अप्पासाहेब पवारांनी 'ताराबाईकालीन कागदपत्रे' केव्हाच छापून ठेवली आहेत.

अडचण धार्ष्ट्याची आहे, आणि ती एकट्या लेखकाची नाही. २०२५ मध्ये 'छावा' चित्रपट आला. संभाजीराजे आणि येसूबाई लेझीम खेळतात एवढ्यावरून गदारोळ झाला, दृश्य काढावं लागलं. मग येसूबाईंच्या माहेरच्या, शिर्के घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली. खऱ्या राणीला कादंबरीत संशय, मत्सर, वासना देणं आज जोखमीचं आहे. म्हणूनच गुंजीकरांची जुनी वाट पुन्हा धरावी असं मला वाटतं: राणी पार्श्वभूमीला ठेवा आणि देवडीवरची एखादी कल्पित कुणबीण किंवा मानकऱ्याची सून पुढे आणा. तिच्या डोळ्यांनी साताऱ्याचा वाडा दिसू द्या.

नाहीतर वासोटा आहेच. कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडच्या जंगलातला हा किल्ला १८०६ च्या सुमारास ताई तेलिणीने लढवला. ती परशुराम श्रीनिवास प्रतिनिधींची सोबतीण, लग्नाची बायको नव्हे. मसुरात कैदेत पडलेल्या प्रतिनिधींना तिने सोडवलं; वसंतगडाजवळ बापू गोखल्यांनी त्यांना पुन्हा पकडल्यावर ती वासोट्यावर गेली आणि सुमारे आठ महिने किल्ला झुंजवला. धान्याचं कोठार जळालं तेव्हाच शरण गेली. तिच्या नावाची यमकं जुळवलेली म्हण ट्रेकर मंडळींना पाठ असते, पण देसाई, 'छावा'कार सावंत, इनामदार यांपैकी कोणाचीच ती नायिका झाली नाही. रोज गडावर धान्य मापून कोण देत होतं, शिपाई तिला काय म्हणून हाक मारत, प्रतिनिधींच्या घरच्या बायका तिच्याविषयी आपसात काय बोलत, शरणागतीच्या बोलण्याला ती स्वतः बसली की माणूस पाठवला, हे कादंबरीकाराने आपल्या हिमतीवर लिहायचं आहे.