कार्ल्याच्या पायऱ्यांवरची गाणी

चैत्रात कार्ल्याचा डोंगर चढताना पायांआधी कान थकतात. मळवलीला उतरून मी वाटेला लागलो, तेव्हा मुंबईकडच्या कोळीवाड्यांच्या पालख्या एकवीरेकडे निघालेल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे आपापला बँड होता. एका वळणावर क्लॅरिनेटने धरलेली चाल पुढच्या वळणावर दुसऱ्या वाड्याच्या बँडकडून ऐकू आली. चाल तीच, शब्दांतले वाड्याचे नाव तेवढे बदललेले.

आपला पुस्तकी टीकाकार याला एक तर उचलेगिरी म्हणतो, नाही तर 'लोकवाङ्मय' म्हणून हात जोडून मोकळा होतो. मला दोन्ही आळसाचेच प्रकार वाटतात. 'लोक' नावाचा कोणी गृहस्थ गाणे रचीत नसतो. कोणी एक बाई ते रचते, कोणी बँडवाला त्याला वाद्यांवर घेतो, तिसरा त्यात आपल्या वाड्याचे नाव घालतो. ते नाव कोणी घातले, केव्हा घातले, हेच तर वाचायचे असते. मुंबईची बेटे भराव घालून जोडली जाण्याच्या कितीतरी आधीपासून हे लोक तिथे राहत आहेत. त्या शहराचा इतिहास गोद्यांच्या आणि गिरण्यांच्या कागदांतून आपण पुष्कळ वाचला. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणाऱ्या बाईच्या बाजूने तो वाचायचा, तर ही गाणी हवीत.

कोळीगीत म्हटले की सुशिक्षित मराठी माणसाला शान्ता शेळके आणि हृदयनाथ मंगेशकर आठवतात. ती गाणी सुंदरच आहेत, मीही ती गुणगुणतो. पण शान्ताबाईंचा जन्म इंदापूरचा. त्यांचा दर्या प्रतिभेने उभा केलेला आहे आणि त्यात गैर काही नाही. गैर आहे ते आपले : त्या दर्यावर आपण समाधानी राहिलो. पुढे कॅसेटच्या काळात वेसावकर मंडळींनी कोळीवाड्याचा आवाज घरोघर पोचवला, तेव्हा आपण तो वरातीला वाजवला आणि समीक्षेच्या पानावर त्याला जागा दिली नाही. आगरी-कोळी लग्नांत धवले गाणाऱ्या धवलारिणीची तर गोष्टच वेगळी. तिच्या गाण्याला बँड नको, माइक नको; तिच्यावाचून लग्न मात्र लागत नसे. तिचे गाणे तिच्याबरोबर जाते.

हे काम होण्यासारखे नाही, असे कोणी म्हणू नये. याच मावळात आणि शेजारच्या मुळशीत हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्यास आरंभ केला आणि महाराष्ट्रभरच्या मिळून तो संग्रह एक लाखाच्या पुढे गेला. मला त्या आकड्यापेक्षा एका साध्या गोष्टीचे मोल अधिक वाटते : ओवीशेजारी गाणाऱ्या बाईचे नाव आहे, तिचे गाव आहे. खेड्यातल्या दळणाऱ्या बाईला जे मिळाले, ते शहरातल्या मासळी विकणाऱ्या बाईला अजून मिळायचे आहे.

एकवीरेचे देऊळ लेण्याच्या अगदी तोंडाशी आहे. गर्दी टाळून मी चैत्यगृहाच्या दाराशी उभा राहिलो. धेनुकाकटाच्या सिंहदत्त नावाच्या गंध्याने इथे दान दिले, वेणुवासाचा पुत्र सामि या सुताराने दाराचे काम केले, असे दगडात कोरलेले आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा सुतार मला नावाने ठाऊक, आणि दहा पावलांवर वाजणारे गाणे कोणाचे ते ठाऊक नाही!

उतरताना सावलीत टेकलेल्या एका म्हातारीला मी त्या चालीबद्दल विचारले. बँडकडे न पाहताच ती म्हणाली, "यो आमचे आयचा गाना हाय." आईचे नाव विचारले. ते तिने सांगितले, आणि मग तिसऱ्या ओळीत बँडवाले कुठे चुकतात तेही गाऊन दाखवले. माझ्याजवळ कागद नव्हता. मळवलीच्या तिकिटाच्या पाठीवर मी ते लिहून घेतले.